संगीत आणि चित्रकला लिबरल आर्ट्स विद्यापीठात शिकायची आहे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतल्या एका लिबरल आर्ट्स विद्यापीठात मी चार वर्षं गाणं आणि प्रिंटमेकिंग, म्हणजे ठशांवरून चित्रं छापण्याची कला, शिकले. तेव्हापासून दर वर्षी बारावीतली मुलं-मुली आणि त्यांचे आई-बाबा मला तेच तेच प्रश्न विचारतात, आणि ते विचारायलाच हवेत असे आहेत. फोनवर अर्धंच सांगून होतं, म्हणून सगळी उत्तरं एकदा नीट लिहून ठेवते आहे.

लिबरल आर्ट्स म्हणजे चित्रकलेचं कॉलेज का?

नाही. हा गैरसमज 'आर्ट्स' या शब्दामुळे होतो. लिबरल आर्ट्स म्हणजे विज्ञान, समाजशास्त्रं, भाषा, इतिहास आणि कला हे सगळं एका छताखाली, आणि विद्यार्थ्याने त्यातून स्वतःची वाट काढायची. तिथे भौतिकशास्त्राची पदवीही मिळते. चित्रकला आणि संगीत तिथे इतर विषयांच्या बरोबरीने असतात, मुख्य विषय म्हणूनही निवडता येतात. शाळेत चित्रकलेचा तास गणिताच्या सरांना देऊन टाकतात, तसली वागणूक त्यांना मिळत नाही.

मग जेजेला जाणं किंवा संगीत महाविद्यालयात जाणं यापेक्षा यात वेगळं काय?

कला महाविद्यालयात तुमच्या दिवसाचा बहुतेक वेळ एका कलेचा असतो. कॉन्झर्व्हेटरीत, म्हणजे पाश्चात्त्य धर्तीच्या संगीत महाविद्यालयातही तेच. लिबरल आर्ट्समध्ये एका सत्रात साधारण चार विषय असतात. त्यातला एखादा-दुसरा कलेचा, आणि बाकीचे कदाचित मेंदूविज्ञान, आफ्रिकेचा इतिहास, संख्याशास्त्र. हाताची तयारी हवी असेल, बोटं रोज सहा तास वाद्यावर हवी असतील, तर हा रस्ता तुमचा नाही. हे मी प्रत्येकाला पहिल्याच संभाषणात सांगते, कारण तिसऱ्या वर्षी कळलं तर फार उशीर झालेला असतो.

पण आपण गातो ते काय आहे, कुठून आलं, दुसरीकडे लोक आवाजाकडे आणि चित्राकडे कसे बघतात, असे प्रश्न ज्याला छळतात, त्याला यासारखी जागा नाही.

एखादं खरं उदाहरण द्याल का?

मी नेहमी वेस्लियन विद्यापीठाचं देते. ते माझं विद्यापीठ नाही, पण संगीत आणि दृश्यकला या दोन्ही बाबतीत हा विषय समजून घ्यायला त्याच्याइतकं चांगलं उदाहरण मला माहीत नाही. १८३१ साली स्थापन झालेलं, कनेक्टिकट राज्यातल्या मिडलटाउन या लहानशा गावातलं, न्यूयॉर्क आणि बॉस्टनच्या मध्ये. पदवीचे विद्यार्थी तीन हजारांच्या आसपास. पदवीसाठी ३२ क्रेडिट लागतात, म्हणजे आठ सत्रं, दर सत्राला चार. सक्तीचा असा एकही ठरावीक विषय नाही. फक्त विज्ञान-गणित, समाजशास्त्रं आणि कला-मानव्यविद्या या तिन्ही विभागांतले प्रत्येकी तीन विषय घ्यावेत, अशी अपेक्षा असते.

कलांसाठी तिथे १९७३ साली अकरा इमारतींचं एक केंद्र उभं राहिलं, फिकट चुनखडीच्या दगडातलं. संगीताच्या तालमीच्या खोल्या, नाट्यगृह, चित्रकलेचे आणि शिल्पाचे स्टुडिओ, प्रदर्शनाचं दालन, सगळं चालत दोन-तीन मिनिटांच्या अंतरावर. हे अंतर मला फार महत्त्वाचं वाटतं. हाताला शाई लागलेली मुलगी तशीच उठून तालमीला जाऊ शकते.

संगीतात नेमकं काय शिकवतात? नुसती पाश्चात्त्य सिंफनी?

वेस्लियनचं नाव झालं ते नेमकं याच्या उलट कारणासाठी. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला रॉबर्ट ब्राउन नावाच्या प्राध्यापकांनी तिथे 'वर्ल्ड म्युझिक' हा शब्दप्रयोग रूढ केला. त्यामागचा आग्रह असा, की दुसऱ्या संस्कृतीचं संगीत फक्त पुस्तकातून शिकायचं नाही, त्या परंपरेतल्या गुरूसमोर बसून वाजवायचं. त्यामुळे तिथे ऑर्केस्ट्रा आणि कॉयर आहेच, पण इंडोनेशियातल्या जावा बेटावरचा गमेलानही आहे, घानातले ढोल आहेत, ताइको हे जपानी ढोल आहेत. गमेलान म्हणजे काशाच्या घंटा, थाळ्या (गाँग) आणि पट्ट्यांचा मोठा ताफा. त्यात एकट्याने चमकायला जागाच नसते, दुसऱ्याचं ऐकल्याशिवाय तुमचा ठोका बसत नाही. जावाचे सुमारसम तिथे १९७२ पासून शिकवत आले. घानाचे अब्राहम अॅडझेन्या यांनी १९६९ पासून चाळीसहून जास्त वर्षं ढोल शिकवले.

आणि भारत? तो तर अगदी पायाशी आहे. मृदंगवादक टी. रंगनाथन १९६३ साली तिथे कलाकार म्हणून आले. त्यांचे बंधू, बासरीवादक टी. विश्वनाथन यांनी तिथेच पीएचडी केली आणि पुढे २००२ मध्ये त्यांचं निधन होईपर्यंत शिकवलं. त्यांची बहीण, भरतनाट्यमच्या थोर नर्तकी बालसरस्वती, यांनीही तिथे शिकवलं. वीणा धनम्माळ यांची ही तीन नातवंडं. आजही दर शरद ऋतूत तिथे नवरात्रीचा संगीतमहोत्सव होतो.

जॉन हिगिन्स यांची गोष्ट मी मुलांना आवर्जून सांगते. त्यांनी वेस्लियनमधून १९६२ साली संगीत आणि इतिहास असे दोन मुख्य विषय घेऊन पदवी घेतली. मग ते कर्नाटक संगीत शिकले, इतके की तिरुवैयारूच्या त्यागराज आराधनेत गायले आणि तमिळ श्रोत्यांनी त्यांना 'हिगिन्स भागवतर' म्हणून आपलंसं केलं. १९८४ मध्ये मिडलटाउनमध्येच रस्त्यावरच्या अपघातात ते गेले. ४५ वर्षांचं आयुष्य. त्यांच्या ध्वनिमुद्रिका ऐका. उच्चारांची काळजी, पदातल्या अर्थाला दिलेला वेळ यात इतिहासाचा विद्यार्थी ऐकू येतो असं मला वाटतं.

मी हिंदुस्थानी गायन शिकते. तिथे माझं काय होईल?

वेस्लियनची परंपरा कर्नाटक संगीताची आहे, हिंदुस्थानीची नाही. किराणा किंवा जयपूर घराण्याची तालीम तिथे पुढे चालू राहील अशा भ्रमात जाऊ नका. उत्तर हिंदुस्थानी संगीताचं शिक्षण कॅलिफोर्नियात जास्त रुजलं: सॅन राफेलचं अली अकबर कॉलेज, आणि कॅलआर्ट्स ही कलासंस्था, जिथे तबलावादक स्वपन चौधरी यांनी शिकवलं. पण ती लिबरल आर्ट्स विद्यापीठं नव्हेत.

बहुतेक मुलं आपल्या गुरुजींकडची शिकवणी ऑनलाइन चालू ठेवतात आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत समोर बसून शिकतात. विद्यापीठात मग ती वेगळं काही घेतात. माझा सल्ला असा, की कर्नाटक संगीत मिळत असेल तर एक वर्ष जरूर घ्या. आपला तोच स्वर तिकडे गमकात कसा हलतो, हे गळ्यातून काढून बघितलं की आपल्या रागाकडेही नव्या कानाने बघता येतं.

स्टाफ नोटेशन येत नाही. अडेल का?

सुरुवातीला अडेल. हार्मनी-थिअरीचे वर्ग पाच ओळींच्या लिपीत आणि पियानोवर चालतात. पलुस्कर किंवा भातखंडे पद्धतीने लिहायची सवय असलेल्याला पहिले दोन महिने डोळ्यांपुढे मुंग्या येतात. पण आपली एक बाजू भक्कम असते. आपला सा कुठेही हलतो. काळी चारवर गाणारी मुलगी उद्या पांढरी पाचवर गायली तरी ग हा गच राहतो. पाश्चात्त्य स्वरवाचनातली एक मोठी पद्धत हेच मागते, आणि तिथल्या अनेक मुलांना तेच जड जातं. जाण्याआधीच्या सुट्टीत एवढंच करा: पेटीवर पांढरी एक म्हणजे सी, काळी एक म्हणजे सी शार्प, असं सगळं सप्तक पाठ करा, आणि तुम्हाला येणारे दहा अलंकार पाच ओळींवर लिहून काढा.

चित्रकलेच्या बाजूला काय असतं?

दोन वेगळे मुख्य विषय असतात, स्टुडिओ आर्ट आणि कलेतिहास. स्टुडिओवाल्यांना कलेतिहासाचेही काही विषय घ्यावे लागतात. रेखाटन, रंगचित्र, शिल्प, छायाचित्रण, प्रिंटमेकिंग, वास्तुरचना असे वर्ग असतात. स्टुडिओचा वर्ग आठवड्यातून दोनदा, प्रत्येक वेळी साधारण अडीच-तीन तास चालतो. वेस्लियनमध्ये केइजी शिनोहारा १९९० च्या दशकापासून जपानी लाकडी ठशांची छपाई आणि सुमी-ए हे शाईचं चित्रण शिकवत आले. एकेका रंगासाठी वेगळा ठसा कोरायचा, ओल्या कागदावर बरोबर त्याच जागी पुन्हा उतरवायचा. ज्यांनी हे एकदा केलं त्यांना छापील चित्र 'नक्कल' वाटत नाही.

विद्यापीठाचा स्वतःचा चित्रसंग्रह असणं ही आणखी एक चैन. वेस्लियनच्या डेव्हिसन संग्रहात सुमारे २५,००० कलाकृती आहेत, बहुतांश मुद्राचित्रं आणि छायाचित्रं. ड्यूरर, रेम्ब्रांट, गोया या जुन्या युरोपीय चित्रकारांच्या मूळ छाप्यांसमोर अभ्यासासाठी बसता येतं. मी शिकले तिथला संग्रह याहून कितीतरी लहान होता, तरी पहिल्यांदा कोरीव रेघेचा उठाव अगदी जवळून पाहिला तो दिवस मला आठवतो. पुस्तकात ती रेघ सपाट असते. कागदावर ती उभी असते.

ओहायोतल्या ओबर्लिन कॉलेजात तर १९४० च्या दशकापासून विद्यार्थ्यांना मूळ चित्रं नाममात्र भाड्याने वसतिगृहाच्या खोलीत लावायला देतात, त्यात पिकासोसुद्धा असतो. चांगला नंबर लागावा म्हणून मुलं आदल्या रात्रीपासून रांगेत झोपतात.

शेवटच्या वर्षी वेस्लियनच्या स्टुडिओ विद्यार्थ्याला दोन सत्रांचा प्रबंध करावा लागतो. हा प्रबंध म्हणजे प्रदर्शन. वसंत ऋतूत झिल्खा दालनात दर आठवड्याला काही विद्यार्थ्यांचं काम भिंतीवर लागतं.

'क्रिटिक' म्हणजे काय? मुलगी त्याला फार घाबरली आहे.

सगळ्यांची कामं भिंतीवर लावतात आणि वर्ग त्यांवर बोलतो. 'छान आहे' हे वाक्य तिथे चालत नाही. हा उजवा कोपरा का रिकामा ठेवलास, हा निळा कुठून आला, असे प्रश्न येतात. आपल्याकडे चूक बहुतेक वेळा सर स्वतः हात फिरवून दुरुस्त करतात. तिथे कुणीही तुमच्या चित्राला हात लावणार नाही, फक्त बोलेल. पहिल्या सत्रात मी दोनदा रडले. नंतर लक्षात आलं, की अर्धा तास एखाद्याच्या कामाकडे नीट बघणं हाच तिथला आदर आहे.

एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या ग्रेड आणि गांधर्वच्या परीक्षा यांना तिथे किंमत आहे का?

क्रेडिट म्हणून नाही. पण अर्जात त्या मोलाच्या आहेत, जर तुम्ही त्या नीट समजावून सांगितल्या तर. नुसतं 'इंटरमिजिएट, ए ग्रेड' लिहिलं तर तिकडच्या माणसाला काहीच कळणार नाही. एका वाक्यात लिहा, की ही महाराष्ट्र शासनाच्या कला संचालनालयाची परीक्षा आहे आणि तीत स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती-अक्षरलेखन यांचे पेपर असतात. तसंच अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रवेशिका, मध्यमा, विशारद या पायऱ्या म्हणजे अनेक वर्षांचं काम आहे हेही सांगा.

खरी भिस्त मात्र कामाच्या नमुन्यांवर. लिबरल आर्ट्स विद्यापीठांत ते बहुधा ऐच्छिक असतात. कॉन्झर्व्हेटरीला ऑडिशन सक्तीची. चित्रांमध्ये परीक्षेच्या घोटलेल्या संकल्पचित्रांपेक्षा तुमची वही दाखवा: एसटी स्टँडवर काढलेली माणसं, आजीचे हात, स्वयंपाकघरातली मांडणी. गाण्याच्या ध्वनिमुद्रणात तराणा आणि तानांचा पाऊस नको. स्वच्छ तंबोऱ्यावर चार मिनिटांची विलंबित आलापी ठेवा.

संगीत आणि चित्रकला दोन्ही एकदम झेपेल का?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, म्हणून हिशोबच मांडते. समजा चार विषय घेतले, त्यातला एक स्टुडिओचा. त्याचे वर्गातले सहा तास आणि बाहेरचे निदान सात. उरलेल्या तीन विषयांचे वर्गातले नऊ, वाचन आणि निबंधांचे अठरा-वीस. गमेलान किंवा कॉयरची तालीम तीन तास. आठवड्याला ४३-४५ तास इथेच गेले. कॅम्पसवर काम करत असाल तर विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंत परवानगी असते. बरीच मुलं आठ-दहा तास करतात. मग जेवण, कपडे, झोप, घरी फोन.

रियाजाला रोज दीड तास उरतो, तोही ठरवून काढला तर. तुमच्या गुरूंना तिकडे कुणी फोन करून विचारणार नाही, की मुलगी आज बसली होती का. सकाळी उठवायला आई नाही, शेजारच्या खोलीत टीका करणारे आजोबा नाहीत. सगळं स्वातंत्र्य तुमच्या हातात आहे, आणि रियाज हीच त्यातली पहिली गोष्ट जी निसटते. माझाही निसटला होता. दुसऱ्या वर्षी मी तालमीची खोली रोज सकाळी सातसाठी नोंदवून टाकली, वर्षभर. तेव्हा कुठे गळा परत आला.

पण दोन्ही केल्याने जे मिळतं तेही सांगायला हवं, नाहीतर हा हिशोब अर्धवट राहील. संगीतकार अल्विन लुसिए वेस्लियनमध्ये चार दशकं शिकवत होते. १९६९ सालच्या 'आय अॅम सिटिंग इन अ रूम' या रचनेत त्यांनी काही वाक्यं बोलून ध्वनिमुद्रित केली, ती त्या खोलीत वाजवून पुन्हा ध्वनिमुद्रित केली, आणि असं करतच राहिले. दर फेरीत खोलीला आवडणारे स्वर वाढत जातात आणि बाकीचे विरतात. शेवटी शब्द उरत नाहीत, खोलीच गात असते. हे संगीत आहे की वास्तूचं शिल्प? जुन्या वाड्याच्या माजघरात तंबोरा लावला की एखादा स्वर भिंतीतून परत येतो, हे आपण अनुभवलेलं असतं. त्यावर काम करता येतं, हे मला अमेरिकेत शिकताना कळलं.

आपल्याकडचा विषय न्यायचा तर रागमाला घ्या. सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून अहमदनगर-विजापूरच्या दख्खनी चित्रकारांनी रागांची चित्रं काढली. विजापूरचा दुसरा इब्राहिम आदिलशहा स्वतः गाणी रचणारा. राग गाऊ शकणारी आणि चित्र वाचू शकणारी मराठी मुलगी या विषयाला जे देईल, ते इतर फार थोडे देऊ शकतील.

एकाच वेळी दोन पदव्या मिळतात का?

काही ठिकाणी, पाच वर्षांत. ओबर्लिनमध्ये कॉलेज आणि कॉन्झर्व्हेटरी अशा दोन्ही पदव्या घेता येतात. बार्ड कॉलेजच्या कॉन्झर्व्हेटरीत संगीताबरोबर दुसऱ्या विषयाची पदवी करावीच लागते. चित्रकलेसाठी ब्राउन विद्यापीठ आणि ऱ्होड आयलंड स्कूल ऑफ डिझाइनचा जोड अभ्यासक्रम आहे. प्रवेश दोन्हीकडे वेगवेगळा मिळवावा लागतो.

खर्च?

अशा खासगी विद्यापीठांचा एका वर्षाचा छापील खर्च, राहणं-जेवण धरून, ८५,००० डॉलरच्या पुढे आहे. पूर्ण पैसे भरून कला शिकायला जा, असं मी कुणालाही सांगणार नाही. घर गहाण ठेवून तर मुळीच नाही. गरजेनुसार मदत मात्र खरोखर मोठी मिळते. मेख अशी, की बऱ्याच ठिकाणी परदेशी विद्यार्थ्याने मदत मागितली तर प्रवेश देताना ते लक्षात घेतलं जातं. अॅम्हर्स्ट आणि बोडोइनसारखी मोजकी कॉलेजं ते लक्षात घेत नाहीत. पैशांची मदत अर्जाबरोबरच मागा. आधी प्रवेश घेऊ, मग बघू, हे बहुतेक ठिकाणी चालत नाही. संगीताच्या वैयक्तिक शिकवणीचं शुल्क अनेकदा वेगळं असतं, तेही विचारून घ्या.

पुढे नोकरी?

पदवीनंतर विद्यार्थी व्हिसावर तिथे बारा महिने काम करता येतं. विज्ञान-तंत्रज्ञानवाल्यांना मिळणारी आणखी २४ महिन्यांची वाढ चित्रकला-संगीताला सहसा मिळत नाही. म्हणून अनेक जण दुसरा मुख्य विषय गणित किंवा संगणकशास्त्र घेतात. आवड असेल तर उत्तम. केवळ व्हिसासाठी घेतला तर दोन्हीकडे ओढाताण होते, ती मी जवळून पाहिली आहे. या वाटेची माणसं संग्रहालयं, शिक्षण, ध्वनिसंयोजन, पुस्तकनिर्मिती, संशोधन अशा ठिकाणी काम करताना दिसतात. पगाराची हमी कुणी देत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

भारतात असं काही नाही का?

आहे. सोनिपतचं अशोका, पुण्याजवळ लवळ्याचं फ्लेम या विद्यापीठांत इतर विषयांबरोबर कला शिकता येतात. पण मला आधी शांतिनिकेतन आठवतं. १९१९ साली कलाभवन सुरू झालं तेव्हा चित्र आणि गाणं एकत्रच होतं, संगीतभवन पुढे वेगळं झालं. तिथे भीमराव शास्त्रींनी शास्त्रीय संगीत शिकवलं आणि रवींद्रनाथांच्या गाण्यांची स्वरलिपी केली. कोल्हापूरचे विनायक मासोजी चित्रकार नंदलाल बोस यांच्याकडे शिकले आणि तिथेच शिक्षक झाले. तेव्हा ही वाट मराठी माणसाला अनोळखी नाही.

तानपुरा न्यावा का?

गाणं हा मुख्य विषय असेल तर न्या. मिरजेच्या तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि तिथले कारागीर परदेशी न्यायची पक्की पेटीही करून देतात. तारा सैल करा, भोपळ्याभोवती मऊ कापड भरा. जुन्या वाद्यावर खरं हस्तिदंती काम असेल तर नेऊ नका, अमेरिकेत हस्तिदंतावर कडक बंदी आहे. टर्पेंटाइन आणि तसले द्रव विमानात चालत नाहीत, ते तिथेच घ्या.

खरा धोका हिवाळ्याचा. घर तापवण्याच्या यंत्रणेने खोलीतली हवा इतकी कोरडी होते, की लाकूड आणि भोपळा आकसतात. माझ्या तानपुऱ्याचा भोपळा पहिल्याच जानेवारीत रात्री तडकला. गोळी सुटल्यासारखा आवाज झाला आणि माझी खोलीसोबतीण ओरडत उठली. आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र घ्या, ती ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान ठेवा, आणि वाद्य हीटरपासून व बाहेरच्या भिंतीपासून दूर, आतल्या भिंतीला टेकवून ठेवा.